कारखाना थांबल्याचा आवाज

तारीख नऊ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळचे सव्वानऊ. ठिकाण रेवदंडा, खाडीकडचा धक्का. हजर: दिग्दर्शक, त्याची सहायक, कॅमेऱ्याची दोन माणसं, जनरेटरवाला, चहावाला, साउंडवाले दादा आणि मी. गैरहजर: ज्यांना आधी सांगायला हवं होतं अशा सगळ्या बायका.

हे शेवटचं वाक्य त्या दिवशी वहीत नव्हतं. मी ते नंतर घातलं, वेगळ्या पेनानं.

माझं काम याद्या करण्याचं. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही चित्रपटाचं युनिट आलं की खोल्या, गाड्या, जेवण, परवानग्या आणि ऐन वेळी लागणाऱ्या वस्तू मी बघते. ऐन वेळी लागणाऱ्या वस्तूंचीही माझ्याकडे आधीपासून यादी असते. अशा बाईला एकच काम दोन वर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवून घ्यावं लागत असेल, तर त्यामागे माणूसही तसाच असणार. तो माणूस म्हणजे दादा.

त्यांचं नाव लिहीत नाही. चित्रपट संपून नावं सुरू झाली आणि त्यांचं नाव जवळ येऊ लागलं, की ते उठून बाहेर जाऊन उभे राहत. साठीला आलेले, किडकिडीत, डोक्यावर कायम लोकरीची टोपी, एप्रिलमध्येसुद्धा. टोपी थंडीसाठी नव्हती. केस वाऱ्यानं कानावर घासले की आवाज होतो म्हणून होती. युनिटमध्ये मागून सगळे त्यांना 'कान' म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं, कारण मागून म्हटलेलं त्यांना पुढून म्हटलेल्यापेक्षा नीट ऐकू यायचं.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पाठ करून वायर गुंडाळत होते. म्हणाले, "बाई, डाव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा. उजव्या राहू द्या, त्या प्लॅस्टिकच्या आहेत. आणि पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा आहे तो गाडीत ठेवा." मी चिडले. पण काढल्या. पुढे त्यांच्याबरोबर तीन चित्रपट केले आणि तिन्ही वेळा माझ्या तयारीच्या यादीत पहिली ओळ तीच: बांगड्या, किल्ल्या.

शूटिंगसाठी घेतलेल्या घरात शिरले की ते आधी फ्रिज बंद करत आणि स्वतःच्या गाडीची चावी त्यात ठेवत. काम संपल्यावर फ्रिज चालू करायला विसरलो, तर चावीशिवाय घरी जाता येणार नाही, असा हिशेब. नागावच्या एका घरात चावी कोलंबीच्या डब्यावर ठेवली गेली. पुढचे पंधरा दिवस त्यांच्या गाडीत बसणारा प्रत्येक जण खिडकी खाली करायचा आणि दादा ओरडायचे, "काच वर करा, वारा वाजतोय!"

लॉजमध्ये खोली मिळाली की ते भिंतीवर टकटक करत हिंडत. अलिबागला एका संध्याकाळी त्यांनी तीन खोल्या बदलल्या. पहिलीत शेजारचा नळ गळत होता, दुसरीत पंखा 'तोतरा' होता. तिसरी आवडली. मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, ते साहेब आजारी आहेत का?"

"नाही. साउंडचे आहेत."

"मग ठीक," तो म्हणाला. त्याच्याकडे बहुधा आधीही साउंडचा कोणी येऊन गेला असावा.

एक गोणपाटाची थैली त्यांच्याबरोबर सगळीकडे फिरे. तिच्यात चपला. बाप्यांच्या, बायकांच्या, झिजलेल्या, पट्टा तुटून खिळ्यानं जोडलेल्या, लाकडी, रबरी. पडद्यावर कोणी चालत असेल तर मागून ऐकू येणारी पावलं पुष्कळदा दादांची असत. हातात चपला घालून, मांडी घालून बसून, ते वाळूच्या परातीत चालत. नायिकेची चाल चालताना ते अगदी नाजूक तोंड करत. मी एकदा हसले, तर म्हणाले, "हसा. पण हिचा उजवा पाय थोडा जड पडतो. तिला स्वतःला माहीत नाही."

तर तो चित्रपट. थरारपट होता. दिग्दर्शक तिशीचा, पहिलंच काम, हुशार आणि कायम उभा. बसायचा म्हणून नाही. सुरुवातीचं दृश्य कागदावर दोन ओळींचं होतं: खाडीकाठचं गाव, सकाळ. एक होडी परत येते, तिच्यात कोणी नाही.

दादांनी वाचलं आणि म्हणाले, "होडी दिसायच्या आधी चार मिनिटं मला द्या."

"चार? दादा, चार मिनिटं मी दाखवू काय?"

"काहीही दाखवा. बोंबील वाळत घाला."

"मला पहिल्या मिनिटाला माणूस खुर्चीत सरळ बसायला हवाय. मी तिथे म्युझिक लावणार होतो. एकदम खालच्या पट्टीत, आणि मग धाडकन."

दादांनी डोळे मिटले. धाडकन हा शब्द त्यांना दुखला असावा. "संगीत लावलं की तुम्ही प्रेक्षकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगता, आता घाबर हं. मग तो घाबरत नाही, तयारीत बसतो. आपण घाबरवायचं नसतं. त्यानं कान टवकारले की आपलं काम झालं. घाबरायचं काम तो स्वतः करतो."

"पण टवकारायला काहीतरी आवाज लागेल ना?"

"नाही. आवाज जावा लागेल. रोजचा, कोणाच्या लक्षात नसलेला. तो आधी भरपूर द्यायचा आणि मग काढून घ्यायचा."

हा रोजचा आवाज शोधायला ते रेवदंड्यात दोन दिवस भटकले. रिक्षा स्टँडवर, पावाच्या बेकरीत, जाळी विणणाऱ्यांच्या शेजारी बसून प्रत्येकाला एकच प्रश्न: "तुम्हाला इथं काय काय ऐकू येतं?" मी सोबत लिहून घेत होते. लोकांनी सांगितलं: समुद्र, कावळे, एसटीचा हॉर्न, बांग, देवळातली घंटा, सुनेची बडबड. माझी यादी दीड पानाची झाली. दादांनी ती वाचली आणि आनंदानं मांडीवर थाप मारली. (बिनआवाजाची. त्यांना तशी येत असे.)

"बाई, ह्यात बर्फाचा कारखाना आहे?"

नव्हता. धक्क्याला लागूनच बर्फाचा कारखाना आहे. होड्यांना मासळीसाठी बर्फ तिथूनच जातो. त्याचं मशीन दिवसभर धडधडत असतं, इतकं की धक्क्यावर बोलताना आपण नकळत आवाज चढवतो. दोन दिवसांत एकानंही त्याचं नाव घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी शेजारी उभी राहून ओरडून प्रश्न विचारत होते.

"जो कोणीच सांगितला नाही, तो आपला," दादा म्हणाले.

मग माझ्या यादीत ओळ आली: गुरुवार, सव्वादहा, कारखाना बंद, दहा मिनिटं. त्यांना आधी चालू कारखान्याचा आवाज हवा होता, मग थांबतानाचा, मग थांबल्यानंतरचा.

परवानग्या माझ्याकडे सगळ्या होत्या. ग्रामपंचायतीचं पत्र होतं, त्यात 'ध्वनिमुद्रणासाठी' एवढंच लिहिलं होतं. पोलिसांना कळवलं होतं. रिक्षावाल्यांना सांगितलं होतं. कारखान्याचा मालक पनवेलला असतो, वर्षभरापूर्वीच त्यानं कारखाना विकत घेतलेला. फोनवर म्हणाला, "दहा मिनिटं ना? घ्या की मॅडम. बर्फ काय लगेच वितळत नाय." मशीन चालवणारा माणूसही बाहेरगावचा, नवा. त्याला मालकाचा फोन आला, त्यानं मान हलवली.

सव्वादहाला मी कारखान्याच्या दाराशी घड्याळ बघत उभी. दादा धक्क्याच्या टोकाला, डोळे मिटून, हेडफोन लावून, माइकची काठी दोन्ही हातांनी उंच धरून. मशीननं दोन-तीन आचके दिले आणि थांबलं. मी वहीत खूण केली. काम वेळेवर झाल्याचं मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर जे ऐकू आलं ते मी दादांसारखं सांगू शकणार नाही. पहिल्यांदा काहीच नाही. मग खाडीचं पाणी होड्यांना चापट्या मारत होतं ते. मग वर कोळीवाड्यात एक दार. मग दुसरं. कुठेतरी पातेल्याचं झाकण पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं, ते कोणी थांबवलं नाही. मग पावलं. खूप पावलं, धावणारी, पण एकाही तोंडातून शब्द नाही. बोंबील वाळत घालायचं सोडून, चुली सोडून, कोणी ओल्या हातानं, कोणी एका पायात चप्पल, तीस-चाळीस बायका धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या पाण्याकडे बघत.

मला वाटलं, शूटिंग बघायला आल्या.

पुढे एक पन्नाशीची बाई आली. हिराबाय. तिचं नाव मला नंतर कळलं. माझ्या हातात कागद बघून ती माझ्यासमोर थांबली आणि एकच शब्द बोलली. फार हळू.

"कंची?"

कंची म्हणजे कोणती, एवढं मला कळतं. मी अलिबागची आहे. पण कोणती काय? मी यादीत बघितलं आणि म्हणाले, "परवानगी ना? ग्रामपंचायतीची आहे, पोलिसांचीपण आहे."

ती तशीच बघत राहिली. मागून एकीनं विचारलं, "काय बोलतंय ती? कंची होरी?"

तेव्हा चहावाला पुढे धावला. तो गावातलाच. "नाय गो, नाय! काय झायला नाय! शूटिंगवाल्यांनी बंद केलाय! होऱ्या सगल्या बऱ्या हायत!"

ह्या कोळीवाड्याची गोष्ट अशी. समुद्रात होडीचं काही वाईट झालं, माणूस गेला, की बातमी पहिली धक्क्यावर येते आणि कारखाना बंद होतो. जुन्या मालकापासूनची रीत. कोणी दवंडी देत नाही, कोणी घरोघर जात नाही. मशीन थांबतं, आणि वर घरात बसलेल्या बाईला कळतं. लाइट गेल्यावरही कारखाना थांबतो, मग ओळखायचं कसं? तर घरातल्या पंख्याकडे बघायचं. पंखाही थांबला तर लाइट गेली. पंखा फिरतोय आणि कारखाना बंद, तर धावायचं. त्या गुरुवारी घरोघरी पंखे फिरत होते.

आणि धक्क्यावर पोचल्यावर एकच प्रश्न विचारायचा. कंची? कोणाची होडी?

त्यानंतरची दहा मिनिटं मी विसरलेली नाही. कोणी वाळूत बसल्या. एक तरुण मुलगी हसायला लागली आणि तिला थांबता येईना. एका म्हातारीनं दिग्दर्शकाच्या आईपासून पणजीपर्यंत सगळ्यांना नावं ठेवली. तो हात जोडून, अर्थातच उभा होता. हिराबाय ओरडली नाही. तिनं माझ्या हातातली यादी घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ह्या तुज्या कागदावर आमचा नाव हाय का कुटं?"

नव्हतं.

तिचा नवरा आणि मुलगा होडीवर होते. नवरा त्या होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख. फोन लागत नव्हता. काही झालेलं नाही हे तिला सांगून झालं होतं, तिला पटलंही होतं, पण ती घरी जायला तयार नव्हती. दुपारी तीनपर्यंत धक्क्यावरच बसली. मीही बसले. माझी त्या दिवशीची उरलेली सगळी कामं राहिली, पण उठवेना. मध्येच तिनं मला विचारलं, "जेवलंस का?" मी नाही म्हटलं. "मग कशाला बसलंस? जा ना." मी गेले नाही. दादा लांब जाळ्यांच्या ढिगावर बसले होते. टोपी काढून हातात घेतलेली. ती मी त्यांना टोपीशिवाय बघितल्याची एकुलती एक वेळ.

होडी आली. तांडेल उडी मारून उतरला, बायकोला बघून थांबला. "तू काय करतंस इथं?"

"बर्फ न्यायला आयली," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली. हातात काहीच नव्हतं, टोपली नाही, पाटी नाही. तांडेल माझ्याकडे बघत राहिला.

परत येताना गाडी चौलच्या वळणाशी आल्यावर दादांनी टोपी परत घातली. मग म्हणाले, "पहिलं दार उघडलं तेव्हाच मला कळलं, बाई. दार असं कोणी उगाच उघडत नाही. मला हात खाली करायला हवे होते."

"मग?"

"चालू ठेवलं. तिनं विचारलं तोपर्यंत. आणि तुम्ही परवानगीचं सांगितलं, त्याच्यापुढेही थोडं."

 मी कारखाना बंद करायला लावला होता, त्यांनी मुद्रण चालू ठेवलं होतं. त्यात कोण वरचढ ते ठरवायला मला त्या दिवशी वेळ नव्हता.

मुंबईत एडिटिंगच्या वेळी दादांनी सुरुवात लावून दाखवली. पडद्यावर साधी सकाळ. वाळत घातलेले बोंबील, कावळा, खाडी, रिकामा धक्का. खाली कारखान्याची धडधड, इतकी सवयीची की एका मिनिटात ती ऐकू यायची बंद होते. आणि मग ती खरंच बंद होते. पडद्यावर काहीही बदलत नाही. तोच कावळा, तेच बोंबील. पण मी स्वतः, सगळं माहीत असून, खुर्चीच्या कडेला आले. दार. दुसरं दार. झाकण. पावलं. आणि खोलीतल्या अंधारात तो शब्द.

"कंची?"

मग रिकामी होडी.

दिग्दर्शक पहिल्यांदाच खाली बसला. "म्युझिक नको," म्हणाला. "काहीच नको. दादा, हेच."

"तिनं हो म्हटलं तर," दादा म्हणाले.

संमतीचा कागद करून आम्ही दोघं परत रेवदंड्याला गेलो. हिराबाय बोंबलांच्या मांडवाखाली बसली होती. होडी बाहेर गेलेली. दादांनी तिच्यापुढे वाळूत मांडी घातली आणि काहीही न लपवता सांगितलं: तुमचा आवाज माझ्याकडे आहे, तो चित्रपटात घ्यायचाय, तुम्ही आधी ऐका.

ती मागे सरकली. "ऐकू? आता? होरी बाहेर हाय माजी."

"मग होडी आल्यावर ऐका."

"दादा, तुमी शिकलेली मानसं. त्यो सवाल येकदाच इचारायचा असतो. उत्तर आयला की संपला. मना उत्तर मिलाला, मानूस घरी आयला. आता तुमी त्यो सवाल थेटरात लावनार. रोज तीन-तीन खेल. रोज मी दर्याला इचारनार, कंची, कंची, कंची. आनि दर रोज माजी होरी बाहेर." तिनं पाण्याकडे बोट केलं. "येक दिवस त्यो उत्तर देल ना."

मी म्हटलं, "हिराबाय, तो नुसता आवाज आहे."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कागद पर्समध्ये ठेवला.

दिग्दर्शकाला हे मानवेना, आणि मी त्याला दोष देत नाही. त्याचा पहिला चित्रपट त्या चार मिनिटांवर उभा होता. "एक शब्द आहे, दादा. कोणाला ओळखू येणार? तिलासुद्धा नाही ओळखू येणार."

"तिला येईल."

"ती बघणारच नाही!"

"मला येईल," दादा म्हणाले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो शब्द काढला. आधीचा श्वासही काढला.

मग दुसऱ्या बायकांचे आवाज घेणं सुरू झालं. नाटकातल्या आल्या, मालिकांतल्या आल्या, एक आजी तर खऱ्या कोळीण होत्या, वर्सोव्याच्या. मी वेळा लावून देत होते, चहा देत होते. प्रत्येकीनं 'कंची' म्हटलं. रडून, कापऱ्या आवाजात, कुजबुजून. दादा प्रत्येकीला नमस्कार करून 'छान' म्हणत आणि दार लागलं की मान हलवत.

"काय चुकतंय?" मी विचारलं. माझ्यासमोर नावांची यादी संपत आली होती.

"ह्यांना उत्तर माहीत आहे."

शेवटी त्यांनी तिथे काहीच ठेवलं नाही. पावलं येऊन थांबतात, आणि जिथे कोणीतरी बोलायला हवं तिथे तेवढ्याच लांबीची शांतता. मग होडी. दिग्दर्शक दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी परत ऐकून म्हणाला, "ठीक आहे. पण लोक समजतील आवाज गेला."

त्याचं खरं झालं. अलिबागच्या थिएटरात आम्ही रेवदंड्याच्या लोकांसाठी एक खेळ ठेवला. गाड्यांची व्यवस्था माझी. कोळीवाड्यातल्या बायकांच्या दोन रांगा भरल्या. हिराबाय आली नाही. दादा नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून, सर्वांत पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून बसले. ते चित्रपट बघत नसत, बघणाऱ्यांना ऐकत.

कारखाना थांबला तशी त्या दोन रांगांत हालचाल झाली. पावलं आली, थांबली. ती शांतता सुरू झाली आणि मागून एक माणूस ओरडला, "ए, आवाज गेला! वाढव रे!"

"गप रं मेल्या," रांगेतली एक बाई म्हणाली. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

नंतर मी दादांना विचारलं, कसं वाटलं. ते म्हणाले, "त्या दोन रांगांत कोणी श्वास घेत नव्हतं." ते खूश होते का, मला सांगता येणार नाही. नावं सुरू झाल्यावर बाहेर जाऊन उभे राहिले ते परत आतच आले नाहीत. त्यानंतर त्यांनी काम सोडलं. दिघीच्या पलीकडे, आगरदांड्याला एक खोली घेऊन राहतात. फेरीबोट दिवसभर ये-जा करते, ती ऐकतात म्हणे.

जाण्यापूर्वी त्यांनी मला एक मेमरी कार्ड दिलं. त्या गुरुवारचं मूळ मुद्रण, एकमेव. "हे तिच्यासमोर पुसा, बाई. घरी बसून पुसू नका. तिला दिसलं पाहिजे." मी वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा होडी बाहेर. हिराबाय म्हणाली, होडी बाहेर असताना त्या वस्तूला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. बरोबर होतं तिचं. दुसऱ्यांदा मी नीट ठरवून पावसाळ्यात गेले. मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर ओढून झाकलेली, नवरा-मुलगा दोघं घरात. ह्याहून योग्य दिवस नव्हता. लॅपटॉप उघडला. कार्ड घातलं.

तांडेल आतून जाळं ठेवून आला. "काय हाय ते?"

मी सांगितलं. त्याला त्या दिवसाचं अर्धंमुर्धंच माहीत होतं.

"म्हंजे ही माज्यासाठी धावली, ते ह्याच्यात हाय?"

"तुज्यासाठी नाय, पोरासाठी," हिराबाय म्हणाली.

"मना तर बोलली, बर्फ न्यायला आयली." तो माझ्याशेजारी येऊन बसला. "ऐकव ना बाय. तीस वर्सं झाली लग्नाला. ही मना कंदी नीट हाकपन मारीत नाय. ऐकू दे येकदा."

"ऐकवलंस तर बघ!" हिराबायच्या हातात पळी होती.

"होरी घरात हाय, मी घरात हाय, पोर घरात हाय. आता कसला भ्या?"

"आवाज माजा हाय. पुस गो."

"पन धावली कोनासाठी? निम्मा माजा हाय. पुसायचा नाय, सांगतो."

मी दोघांकडे बघत बसले. मुलगा दारात उभा राहून हसत होता. तासाभरानं हिराबायनं मला भात आणि सुक्या कोलंबीची आमटी वाढली, तांडेलानं कार्ड स्वतः काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, हिला समजावतो, मग ये. हिराबाय म्हणाली, ह्यालाच अक्कल येल, मग ये.

परवा दादांचा फोन आला. ते नमस्कार वगैरे म्हणत नाहीत. फोन उचलला की मागे फेरीबोटीचा भोंगा आणि त्यांचा एकच शब्द: "पुसलं?"

"नाही, दादा. तिचा नवरा ऐकायचं म्हणतोय. ती नको म्हणतेय."

पलीकडे फेरीबोटीचा भोंगा पुन्हा वाजला. 

"कशावर ऐकवणार होतात?"

"लॅपटॉपवर."

"लॅपटॉपवर?" ते दुखावले होते. "त्याला दारंच ऐकू येणार नाहीत. माझे हेडफोन घेऊन जा. इथं या, देतो." मग म्हणाले, "पण तिनं हो म्हटलं तर. नाही म्हटलं तर पुसायचं. तिथल्या तिथं."

"आणि दोघं भांडतच राहिले तर?"

"तुम्ही बसून राहा, बाई. तुम्हाला येतं ते."

ऑगस्ट सुरू झालाय. होडीला रंग देऊन झाला असं चहावाला फोनवर सांगत होता. नारळी पौर्णिमा झाली की ती बाहेर पडेल, आणि मग हिराबाय कार्डाला हात लावू देणार नाही. माझ्याकडे नऊ दिवस आहेत. त्यात एका जाहिरातीचं शूटिंग, एक परवानगी, मुलीची दंतवैद्याकडची वेळ. आगरदांड्याला जाऊन हेडफोन आणणं, रेवदंड्याला जाऊन दोघांना समोरासमोर बसवणं, आणि त्यांचं जे ठरेल ते तिच्या डोळ्यांदेखत करणं, हे एकाच ओळीत लिहिलंय. वहीतल्या मागच्या बाकी सगळ्या ओळींसमोर खुणा झाल्या आहेत.